गेमिंगचा लॅपटॉप की एडिटिंगचा? प्रोसेसर निवडण्याआधी घरात एकदा बोलून घ्या

बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे पालकांची ये-जा वाढते. पूर्वी लोक विचारायचे, "सर, पोराला कुठल्या लाईनला घालू?" आता त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो, "सर, लॅपटॉप कुठला घेऊ?" आम्ही काही संगणक इंजिनिअर नाही. शाळेत शिकवतो, शाळेची कॉम्प्युटर लॅब बरीच वर्षं सांभाळतो, आणि लोकांचे पैसे चुकीच्या ठिकाणी गेलेले पाहिले आहेत. म्हणून चार गोष्टी समजून घ्याव्या लागल्या.

मागच्या उन्हाळ्यात एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. त्यांचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. सोबत मुलगी आणि मुलगा. मुलीला मल्टिमीडियाच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. लग्नाच्या उर्दू-मराठी पत्रिका ती शेजारच्या डीटीपी सेंटरमध्ये बसून इनपेजवर करायचीच, आता व्हिडिओ एडिटिंगही शिकायचं होतं. मुलगा अकरावीत, आणि हातात गेमिंग लॅपटॉपची यादी. बजेट साठ हजार. त्यातले निम्मे त्यांच्या घरच्यांच्या भिशीचे.

"सर, मुलगा म्हणतो गेमिंगचा घेतला की सगळंच चालतं. दोघांचं एकातच भागेल ना?"

मुलगी गप्प बसली होती. या प्रश्नाचं उत्तर अर्धं होय आणि अर्धं नाही असं आहे. ते का, हे समजून घेऊ.

एक उस्ताद की वीस हात?

लग्नाच्या देगीचा विचार करा. पाचशे माणसांचा कांदा कापायचा असेल तर वीस हात लागतात. काम वाटून देता येतं, जितके हात जास्त तितकं लवकर संपतं. पण देगीला दम कधी द्यायचा, झाकण कधी काढायचं, हे एकटा बावर्चीच ठरवतो. तिथे वीस माणसं उभी केली तरी उपयोग नाही, तो एक माणूस तरबेज हवा.

प्रोसेसरमधले 'कोअर' म्हणजे हे हात. व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं हे कांदा कापण्यासारखं काम आहे, बऱ्याच कोअरमध्ये वाटता येतं. गेम हा दम देण्यासारखा. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात शत्रू कुठे पळाला, गोळी कुणाला लागली, हे प्रोसेसरने ठरवायचं आणि ग्राफिक्स कार्डाने रंगवायचं. यातलं बरंचसं ओळीने करावं लागतं, म्हणून गेमला थोडे पण वेगवान कोअर लागतात. आणि त्याहून जास्त लागतं ते चांगलं ग्राफिक्स कार्ड.

नाव वाचायला शिका

दुकानात 'आय-सेव्हन' म्हटलं की आपण खूश होतो. इथेच गफलत होते. इंटेलचे बाराव्या पिढीचे दोन प्रोसेसर घ्या: आय७-१२५५यू आणि आय५-१२५००एच. पहिल्यात १० कोअर आहेत, पण त्यातले पूर्ण ताकदीचे फक्त २, बाकी ८ वीज वाचवणारे छोटे कोअर. मूळ वीजमर्यादा १५ वॅट. दुसऱ्यात १२ कोअर, त्यातले ४ पूर्ण ताकदीचे, आणि मूळ वीजमर्यादा ४५ वॅट. बराच वेळ चालणाऱ्या एडिटिंगला दुसराच सरस ठरतो. नावात मात्र पहिला 'सेव्हन' आणि दुसरा 'फाईव्ह'.

म्हणून शेवटचं अक्षर आधी बघा. 'यू' म्हणजे कमी वीज, हलका लॅपटॉप, जास्त बॅटरी. 'एच' म्हणजे जोरदार काम, जास्त उष्णता, मोठा पंखा. 'एचएक्स' म्हणजे त्याहून मोठा, बहुतेक महागड्या गेमिंग मशिनमध्ये येतो. नवीन 'कोअर अल्ट्रा' नावाच्या प्रोसेसरमध्येही ही अक्षरं चालू आहेत. त्यातले २०० मालिकेचे 'व्ही' अक्षराचे प्रोसेसर बॅटरीला चांगले, पण त्यांची रॅम प्रोसेसरसोबतच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

एएमडीच्या रायझनमध्ये ७००० मालिकेपासून आणखी एक खुबी आहे. चार आकड्यांतला तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे २०१९ साली आलेली 'झेन २' रचना, आणि कोअर फक्त ४. रायझन ७ ७८४०एचएस मध्ये तिसरा आकडा ४, म्हणजे 'झेन ४', आणि कोअर ८. डब्यावर दोन्हीकडे ठळक अक्षरांत 'रायझन ७०००' लिहिलेलं असेल, पण आत जमीन-अस्मानाचा फरक.

गेम खेळणाऱ्यासाठी

ज्याला फक्त गेम खेळायचे आहेत, त्याने प्रोसेसरवर सगळे पैसे घालू नयेत. मधल्या दर्जाचा 'एच' किंवा 'एचएस' प्रोसेसर, ६ ते ८ कोअरचा, पुरेसा होतो. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. आय७ सोबत कमजोर कार्ड घेण्यापेक्षा आय५ सोबत चांगलं कार्ड बहुतेक गेममध्ये बरं चालतं. कार्डाचंही नुसतं नाव पाहून चालत नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० हे कार्ड लॅपटॉप कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही मर्यादेवर बसवू शकते. नाव एकच, जोर वेगळा. तो आकडा विचारून घ्या.

व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमचा मामला उलटा आहे. तिथे चित्र रंगवणं सोपं, म्हणून प्रोसेसरचा वेग जास्त कामी येतो. घरातला गेम अडखळत असेल तर एक सोपी तपासणी करा. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन कमी करा. गेम लगेच वेगवान झाला तर अडचण ग्राफिक्सची होती. काहीच फरक पडला नाही तर बहुधा प्रोसेसर मागे पडतोय.

एडिटिंग, डिझाईन, ॲनिमेशनसाठी

मल्टिमीडिया हा एक शब्द आहे, कामं चार आहेत.

पत्रिका, बॅनर, फोटो: इनपेज तर जुन्या मशिनवरही चालतं. फोटोशॉपला खूप कोअर लागत नाहीत, वेगवान कोअर आणि १६ जीबी रॅम लागते.

व्हिडिओ एडिटिंग: इथे कोअर हवेत, पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. कॅमेऱ्याचा व्हिडिओ एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने दाबून साठवलेला असतो. तो दर क्षणाला उलगडावा लागतो. हे काम करणारा वेगळा भाग प्रोसेसरमध्येच असतो. इंटेलमध्ये त्याला 'क्विक सिंक' म्हणतात, तो २०११ पासून आहे. लग्नाचं शूटिंग करणारे बरेच जण आता मिररलेस कॅमेऱ्यावर एच.२६५ मध्ये १०-बिट ४:२:२ व्हिडिओ घेतात. असा व्हिडिओ इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सहज उलगडतात. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. म्हणजे आरटीएक्स ४० मालिकेचं महागडं कार्ड असूनही टाईमलाईन अडखळू शकते, आणि साधा दिसणारा इंटेलचा लॅपटॉप सरळ चालू शकतो.

थ्रीडी ॲनिमेशन: ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंगला ग्राफिक्स कार्डाचा मोठा फायदा. इथे गेमिंगचा लॅपटॉप खरोखर कामाला येतो. कलर ग्रेडिंगसाठी दा विंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यालाही तोच नियम.

आवाजाचं काम: नात, भाषण, पॉडकास्ट यांच्या साध्या रेकॉर्डिंगला बहुतेक कुठलाही आजचा लॅपटॉप पुरतो. पंख्याचा आवाज कमी असलेला मात्र बघा, नाहीतर तोच रेकॉर्ड होतो.

प्रोसेसरला उपाशी ठेवू नका

चांगला प्रोसेसर घेऊन ८ जीबी रॅमवर अडकलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. एडिटिंगला १६ जीबी ही सुरुवात समजा. रॅम दोन पट्ट्यांत असेल तर आणखी चांगलं, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ह्याच रॅमवर जगतं. इंटेलचं 'आयरिस एक्सई' ग्राफिक्स एकाच पट्टीवर चालवलं तर विंडोजमध्ये ते नुसतं 'यूएचडी' म्हणून दिसतं आणि वेगही उतरतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते. "नंतर वाढवू" हे वाक्य तिथे चालत नाही.

दुसरी गोष्ट पडदा. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये पडदा १४४ हर्ट्झचा वेगवान असतो, पण रंग बऱ्याचदा '४५ टक्के एनटीएससी' एवढेच दाखवतो. अशा पडद्यावर पाहिलेली पत्रिका छापून आली की हिरवा रंग भलताच निघतो आणि गिऱ्हाईक पैसे कापतं. रंगाचं काम करणाऱ्याने '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेला पडदा मागावा.

तिसरी गोष्ट उष्णता. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. गेमिंग लॅपटॉप चार्जर काढला की आणखी मंद होतात. रोज एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या पाठीवर अडीच किलोचा लॅपटॉप आणि विटेएवढा चार्जर, हेही हिशेबात धरा.

जुना लॅपटॉप घेताना

जुन्या बाजारात 'आय७ आहे, फक्त अठरा हजार' असं ऐकलं की थांबा. सातव्या पिढीच्या आय७-७५००यू मध्ये कोअर फक्त २ आहेत. आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये ४. शिवाय विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, अगदी थोडे अपवाद सोडले तर. आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सातव्या पिढीचा लॅपटॉप स्वस्त का मिळतोय, त्याचं कारण बहुधा हेच.

दुकानात पाच मिनिटं

दुकानात चालू मशीन मागा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' मध्ये जा. सीपीयूवर पूर्ण नाव आणि कोअरची संख्या दिसेल. मेमरीवर रॅम किती आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसेल. जीपीयूवर ग्राफिक्सचं खरं नाव दिसेल. या तीन पानांचे फोनवर फोटो काढा आणि बिलावर तोच मॉडेल नंबर आहे का ते जुळवा. यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. आपण टरबूज घेतानाही वाजवून बघतो.

त्या घरात काय ठरलं

हे सगळं सांगून झाल्यावर आम्ही मुलीला विचारलं, "बेटा, तुझं काम नेमकं काय?" तोपर्यंत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. ती म्हणाली, पहिल्या वर्षी डिझाईन आणि व्हिडिओ, थ्रीडी नाही. पत्रिकांचं काम चालू ठेवायचंय, त्यातून फीचा थोडा भार उचलायचाय. कॉलेजला रोज एसटीने जायचं.

म्हणजे हिशेब सरळ होता. 'एच' प्रोसेसर, १६ जीबी रॅम दोन पट्ट्यांत, चांगल्या रंगाचा पडदा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. तिचं उत्तर थ्रीडी असतं तर आम्हीच गेमिंगचा लॅपटॉप सुचवला असता.

मुलाचा चेहरा उतरला. त्याला आम्ही सांगितलं की व्हॅलोरंट या मशिनवरही कमी सेटिंगवर चालेल, मोठे गेम मात्र नाही. त्याचे अब्बू थोडा वेळ गप्प राहिले, मग मुलाला म्हणाले, "तुझा खेळ आहे, तिचं काम आहे. आधी काम." मुलगी खाली बघत होती, पण चेहऱ्यावरचा ताण गेलेला दिसला.

दिवाळीच्या सुट्टीत ते परत भेटले. मुलीने तोवर अकरा पत्रिका आणि दोन लग्नांचे व्हिडिओ केले होते. तिच्याकडे ४के व्हिडिओ आला की ती आधी त्याची हलकी 'प्रॉक्सी' प्रत बनवते, तिच्यावर एडिटिंग करते आणि शेवटी मूळ फाईलवर एक्स्पोर्ट देते. ही युक्ती आम्ही तिच्याकडूनच शिकलो. मुलाला रात्री नऊ ते दहा लॅपटॉप मिळतो, बहिणीचं एक्स्पोर्ट चालू नसेल तर.

पालकांना आमची एवढीच विनंती. दुकानात जाण्याआधी घरातल्या सगळ्यांना समोर बसवा. ज्याच्या अभ्यासासाठी किंवा रोजगारासाठी पैसे काढताय, त्याला आधी बोलू द्या, मग ती मुलगी असो की मुलगा. त्याचं काम एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घेऊन दुकानात जा. नाहीतर घरात ज्याचा आवाज मोठा, त्याच्याच पसंतीचा लॅपटॉप येतो, आणि भिशीचे पैसे पुन्हा जमायला दोन वर्षं लागतात.