विश्लेषण : एआर चष्म्याला आपला हात का पाहावा लागतो?

पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत एखादा वायरमन एआर चष्मा लावून कंट्रोल पॅनलसमोर उभा आहे, असे समजा. कोणती वायर काढायची, ते काचेवर उमटणारा बाण दाखवतो. पण बाण केवळ १ अंशाने सरकला, तरी अर्ध्या मीटरवर जवळपास ९ मिलिमीटरची चूक होते. पॅनलमध्ये तेवढ्या अंतरात शेजारची वायर येऊ शकते.

चूक कशामुळे होते?

दोन डोळ्यांतील अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. डोळा नेमका कुठे आहे हे चष्म्याला कळले नाही, तर चित्र जागेवर बसत नाही. ही जुळणी म्हणजे कॅलिब्रेशन.

त्यात हाताचे काम काय?

मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या होलोलेन्समध्ये (२०१६) एक डोळा मिटून बोट काचेवरील खुणेशी जुळवावे लागे. प्रत्येक डोळ्यासाठी अशा सहा खुणा असत. खुणेची जागा यंत्राला ठाऊक असते, बोटाची जागा कॅमेरा सांगतो. दोन्हींतून जाणारी रेषा मागे डोळ्यापर्यंत पोहोचते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या होलोलेन्स २ मध्ये नजर टिपणारे कॅमेरे आले. तेव्हापासून हाताचे काम मुख्यतः आभासी वस्तू धरण्या-फिरवण्याचे राहिले. त्यासाठी प्रत्येक हातावरील २५ बिंदू टिपले जातात.

काळजी कोणती?

जाड हातमोजे, अपुरा प्रकाश किंवा एका हाताआड गेलेला दुसरा हात यामुळे कॅमेरा चुकू शकतो. शिवाय पाळी बदलून चष्मा दुसऱ्याच्या डोळ्यांवर गेला, की जुळणी नव्याने करायला हवी.