गावच्या जमीन-वापर आराखड्याची फेरतपासणी

पेरणीपूर्वी शेतकरी आपले औत, बी-बियाणे व खत यांची पाहणी करतो. त्याचप्रमाणे गावानेही ठरावीक काळाने आपल्या साऱ्या जमिनीची पाहणी करावयास हवी. कोणती जमीन कशासाठी वापरली जात आहे, ती तशी वापरणे योग्य आहे काय आणि पुढील दहा वर्षांत तिचा उपयोग कसा व्हावा, या तीन प्रश्नांची एकत्र मांडलेली उत्तरे म्हणजेच गावचा जमीन-वापर आराखडा होय. रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ गावांत असा आराखडा एक तर कागदावर कधी उतरलेलाच नसतो, किंवा उतरला असल्यास तो जुना होऊन दप्तरात पडलेला असतो. तो नव्याने कसा तयार करावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

जुनी घडी आणि आजची स्थिती

आपल्या पूर्वजांनी आराखडा हा शब्द वापरला नसला तरी जमिनीची वाटणी त्यांनी विचारपूर्वक केली होती. पऱ्ह्याच्या दोन्ही अंगांस भाताची खाचरे, त्यांच्या वर उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन, त्यावर गवत व राबासाठी लागणारे कवळ, माथ्यावर गुरे चरण्यास मोकळा सडा, खाडीकाठी खाजण आणि समुद्रालगत नारळ-पोफळीचे आगर, अशी ती घडी होती. यातील प्रत्येक भाग दुसऱ्यावर अवलंबून होता. वरकसावाचून खाचरास राब मिळत नसे आणि सड्यावाचून औताचे बैल जगत नसत.

ही घडी आता पुष्कळशी विसकटली आहे. १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली व कसणाऱ्यास जमिनीचा हक्क मिळाला, ही मोठीच गोष्ट घडली. पुढे घरटी माणसे मुंबईस गेली आणि लांबची खाचरे ओसाड पडू लागली. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीस अनुदान मिळू लागले आणि वरकस उतारांवर हापूस व काजूच्या बागा उभ्या राहिल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. रस्ते रुंदावले, आणि ज्या कातळास कोणी विचारीत नव्हते त्यासही गिऱ्हाईक येऊ लागले. यातील काही बदल हिताचे आहेत, काही तसे नाहीत. परंतु ते एकेका सातबाऱ्यावर सुटे सुटे घडल्यामुळे साऱ्या गावावर त्यांचा एकत्र परिणाम काय झाला, हे कोणीच पाहिले नाही. तो पाहणे हाच फेरतपासणीचा हेतू आहे.

आरंभ दप्तरापासून, परंतु शेवट दप्तरात नको

प्रथम ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडून, गाव नमुना १, ७ व १२ यांतील क्षेत्राचे आकडे घ्यावेत. भूमि अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा मिळवावा. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्यांनी स्वतः नोंदविलेली पिकेही पाहावीत. सरकारी आकडेवारीत जमिनीचे नऊ प्रकार करतात : वन, बिगरशेती वापराखालील, नापीक, कायम कुरणे व गायराने, किरकोळ झाडोऱ्याखालील, मशागतयोग्य पडीक, चालू पडीक, इतर पडीक आणि निव्वळ पेरणीखालील. गावच्या क्षेत्राची या नऊ सदरांत बेरीज मांडली म्हणजे एकूण चित्र डोळ्यांपुढे येते.

मात्र एवढ्यावर थांबू नये. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः ही चूक केली आहे. एका गावचा आराखडा मी दप्तरातील आकड्यांवरून तयार केला आणि ‘मशागतयोग्य पडीक’ म्हणून नोंदलेल्या एका सलग पट्ट्यावर काजू लागवड सुचविली. ग्रामसभेत तो वाचून दाखविताच एक वृद्ध बाई उठून म्हणाल्या, ‘‘साहेब, पावसात सगळी खाचरे लावलेली असतात. तेव्हा आमची गुरे उभी राहतात ती त्याच जागेवर. तिथे काजू लावलात, तर गुरे काय तुमच्या कागदावर चारायची?’’ ती जागा कागदोपत्री पडीक होती, पण गावाच्या दृष्टीने ती चार महिन्यांचे कुरण होते. तो आराखडा मी परत घेतला, आणि तेव्हापासून शिवारफेरीवाचून एकही ओळ लिहावयाची नाही असा नियम केला.

शिवारफेरी

शिवारफेरी एकदा न करता दोनदा करावी. पहिली भर पावसात, म्हणजे पाणी कोठून येते, कोठे साचते आणि कोणता बांध फुटतो हे दिसते. दुसरी मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे कोणत्या विहिरी व झरे आटले हे कळते. फेरीत प्रत्येक वाडीचा एक तरी माणूस असावा. गुरे राखणारे, पाणी भरणाऱ्या स्त्रिया आणि दुसऱ्याच्या शेतात राबणारे मजूर यांस आवर्जून बरोबर घ्यावे. जमिनीची जी माहिती त्यांस असते ती खातेदारासही नसते.

फेरीत प्रत्येक तुकड्याच्या चार गोष्टी नोंदवाव्यात : मातीची खोली, उतार, दगडगोट्यांचे प्रमाण व पाण्याचा निचरा. खोलीसाठी पहारीने खड्डा घेऊन पाहावे. उतार मोजण्यास पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. शंभर मीटर अंतरात जमीन तीन मीटर खाली गेली, तर उतार तीन टक्के समजावा.

या नोंदींवरून जमिनीची क्षमता ठरविता येते. मृदसंधारणाच्या शास्त्रात जमिनीचे आठ वर्ग मानलेले आहेत. पहिले चार वर्ग मशागतीच्या पिकांस कमीअधिक प्रमाणात योग्य असतात. पुढील चार वर्गांवर नांगर न चालविता गवत, झाडे व वन्य जीवन यांसच ती जमीन राखणे हितावह असते. जमिनीचा सध्याचा वापर तिच्या क्षमतेस धरून आहे किंवा नाही, हे पाहणे हेच फेरतपासणीचे मुख्य काम होय.

कोणत्या जमिनीचा कसा विचार करावा

खाचरे : बांध शाबूत असलेले खाचर पाणी धरून ठेवते व शेजारच्या विहिरीस पाझर देते. म्हणून खाचर ओसाड पडणे हे केवळ त्याच्या मालकाचे नुकसान नव्हे. वरचे खाचर पडीक राहिले व त्याचा बांध फुटला, तर खालच्या चार शेतकऱ्यांच्या भातात रेती येते. ज्यांना स्वतः कसणे शक्य नाही त्यांनी निदान बांध राखण्याची व्यवस्था करावी. भातानंतर ओल टिकते तेथे कुळीथ, चवळी, पावटा यांसारखी पिके घेण्याजोगे क्षेत्र नकाशावर वेगळे दाखवावे.

वरकस : हापूस दहा मीटर अंतरावर लावल्यास हेक्टरी शंभर झाडे बसतात. तथापि तीव्र उतारावर यंत्राने सरसकट सपाटीकरण करून बाग करणे धोक्याचे आहे. उताराच्या आडव्या दिशेने समपातळी चर काढावेत, गडगे घालावेत आणि माथ्यावरची जुनी झाडे राखावीत. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळून माणसे दगावली, हे आपण विसरता कामा नये. अशा घटनांची कारणे अनेक असतात. परंतु ज्या उतारास भेगा पडल्या आहेत किंवा ज्याच्या पायथ्याशी वाडी आहे, त्यावर खोदकाम होऊ नये, अशी नोंद आराखड्यात असलीच पाहिजे.

कातळ व सडा : कातळास निरुपयोगी समजण्याची चूक सर्वत्र आढळते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी होते. आपल्या जिल्ह्यात वर्षास सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. तेव्हा एका हेक्टर सड्यावर पावसाळ्यात तीन कोटी लिटरपेक्षा अधिक पाणी पडते. त्यातील बरेचसे वाहून जात असले, तरी जांभ्याच्या भेगांतून मुरलेला अंश पायथ्याच्या झऱ्यांस मिळतो. सडा सपाट करून, खणून किंवा बांधकामाखाली झाकून टाकल्यास खालच्या वाडीचे पाणी तुटण्याचा संभव असतो. म्हणून सड्याचा कोणताही नवा वापर सुचविताना त्याखालील झरे व विहिरी यांची यादी प्रथम जोडावी. शिवाय कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी इत्यादी ठिकाणच्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये समावेश झाला आहे. आपल्या सड्यावर तशी चित्रे असल्यास त्यांची जागा नकाशावर अवश्य दाखवावी.

खाजण : खारबंधारा व त्याची उघाडी सुस्थितीत असेल, तरच खाजणात भात पिकते. भरतीचे पाणी आत शिरून एकदा मीठ साचले की ते धुऊन निघण्यास पावसाळे जावे लागतात. जेथे बंधारा दुरुस्त होण्याजोगा आहे तेथे पनवेल-३ सारखे खार सहन करणारे भाताचे वाण घ्यावे. जेथे कांदळवन वाढले आहे तेथे त्यास कायद्याचे संरक्षण आहे, हे ध्यानात ठेवून ते तोडण्याचा विचार करू नये.

सामाईक खात्यांची अडचण

आपल्याकडील सर्वांत मोठी अडचण मातीची नसून सातबाऱ्यावरील नावांची आहे. एकेका खात्यात अनेक सहहिस्सेदार, त्यातील बहुतेक परगावी, आणि संमती कोणाची घ्यावी हे कोणासच ठाऊक नाही, अशी स्थिती असते. प्रत्येकाने वेगळी वाटणी मागितल्यास १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याची मर्यादा आड येते, आणि अशा तुकड्यांवर शेतीही परवडत नाही. मालकी सामाईक ठेवून कसण्याचा लेखी करार करणे, अथवा शेजाऱ्यांनी मिळून गटाने शेती करणे, हे मार्ग अधिक सोयीचे ठरतात. चाकरमानी मंडळी शिमग्यास, मे महिन्यात व गणपतीस गावी येतात. या चर्चेसाठी १ मे रोजीची ग्रामसभा सर्वांत उपयुक्त होय.

ग्रामसभेची मान्यता व कायदा

नकाशावर प्रत्येक वापरास वेगळा रंग द्यावा. एका नकाशावर आजची स्थिती व दुसऱ्यावर दहा वर्षांनंतरची इच्छित स्थिती दाखवावी, आणि दोन्ही नकाशे ग्रामसभेपूर्वी निदान पंधरा दिवस चावडीवर व प्रत्येक वाडीत लावावेत. ज्याच्या जमिनीविषयी सूचना आहे, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जमिनीचे कायदेशीर विभाग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील योजनांनुसार ठरतात, आणि बिगरशेती वापराचा विषय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली येतो. गावाने केलेला आराखडा त्यांची जागा घेऊ शकत नाही. तरीही त्याचे मोल कमी नाही. राज्यघटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने जमीन सुधारणा, मृदसंधारण व लघुसिंचन हे विषय पंचायतींकडे सोपविण्याजोगे मानले आहेत. ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात कोणती कामे घ्यावीत, हे या नकाशावरून ठरविता येते. प्रादेशिक योजनेचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा झरे, कुरणे व खाचरे दाखविणारा नकाशा ज्या गावापाशी तयार असेल, त्याची हरकत आधारासह मांडली जाते. ज्याच्यापाशी तो नसेल, त्यास केवळ तोंडी सांगावे लागते.

वेळापत्रक

जुलै-ऑगस्टमध्ये पहिली शिवारफेरी, दिवाळीनंतर दप्तरातील आकड्यांची जुळणी, मार्च-एप्रिलमध्ये दुसरी फेरी व मातीची तपासणी आणि १ मे रोजी ग्रामसभेची मान्यता, असा क्रम ठेवावा. यानंतर दर वर्षी झालेले बदल नोंदवावेत व पाच वर्षांनी संपूर्ण आराखडा पुन्हा तपासावा.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हे काम गावाकरिता न करता गावाबरोबर करावे, एवढीच विनंती आहे. शेतकरी बंधुभगिनींनीही फेरी निघेल त्या दिवशी घरी बसू नये. आपल्या जमिनीविषयी जे आपण सांगणार नाही, ते दुसऱ्या कोणास सांगता येणार नाही.