कोइड अ ब्रेनिन : राजाचं रान

वेल्समधल्या एरिरी राष्ट्रीय उद्यानात, डॉलगेथलाय गावाच्या उत्तरेला हे डोंगराळ वन आहे. पंचम जॉर्जच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ मध्ये त्याला हे नाव मिळालं. खास माउंटन बायकिंगसाठी वाटा बांधण्याची ब्रिटनमधली सुरुवात १९९०च्या दशकात इथेच झाली. वाटांचा अवघडपणा रंगांवरून कळतो. काळ्या वाटेवर उघड्या खडकांवरून चाक दडदडत उतरतं, ओल्या मुळांवर सटकतं. नवख्यांनी हिरवीच धरावी. पण एक दिवस सायकल बाजूला ठेवून पायी फिराच! मौदाख आणि काइन या नद्यांचे धबधबे एकमेकांपासून अगदी हाकेच्या अंतरावर कोसळतात आणि तिथेच ग्विनवनिध या जुन्या सोन्याच्या खाणीचे अवशेष दिसतात. अभ्यागत केंद्रातलं उपाहारगृह २०२५ मध्ये बंद झालं, तेव्हा डबा सोबत असू द्या.