एक रुपया, एक डॉलर? हिशोब करून पाहा!

दोस्तांनो, घरी पाहुणे जमले, चहाचे कप रिकामे झाले आणि महागाईचा विषय निघाला, की कुणीतरी काका हमखास म्हणतात, "अरे, देश स्वतंत्र झाला तेव्हा एक रुपया म्हणजे एक डॉलर होता! आणि आता बघा!" सगळे माना डोलावतात. आपणही डोलावतो. पण हे खरं आहे का? चला, आज मान डोलावण्याऐवजी पेन्सिल घेऊ या.

१९४७ साली आपला रुपया डॉलरला नव्हे, इंग्लंडच्या पौंडाला बांधलेला होता. दर ठरलेला होता : एक रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स. आता इंग्रजांचं त्या वेळचं कोष्टक पाहा. १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे पौंडाचे पेन्स झाले २४०. रुपयाचे पेन्स १८. भागा २४० ला १८ ने. उत्तर येतं १३ रुपये आणि वर एक तृतीयांश. आजोबांच्या भाषेत १३ रुपये ५ आणे ४ पै!

त्याच काळात एक पौंड म्हणजे ४.०३ डॉलर होते. मग १३.३३ ला ४.०३ ने भागा. किती आले? सुमारे ३ रुपये ३१ पैसे. म्हणजे १९४७ साली एक डॉलर घ्यायला सव्वातीन रुपयांपेक्षा जास्त मोजावे लागत. एकास एक हा भाव तेव्हा नव्हताच.

काही जण सांगतात, "तेव्हा देशावर कर्ज नव्हतं, म्हणून रुपया डॉलरच्या बरोबरीचा होता." गंमत म्हणजे, दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडून घेतलेल्या मालाचे आणि खर्चाचे पैसे तेव्हा उलट इंग्लंडच आपल्याला देणं लागत होतं. तरीही डॉलर एक रुपयाचा झाला नव्हता.

मग हे १८ पेन्स आले कुठून? त्याची गोष्ट मोठी मजेदार आहे, आणि थोडी कडूही.

रुपया होता चांदीचा आणि पौंड सोन्याचा. १८७० च्या सुमारास एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत, म्हणजे पौंडाला दहा रुपये. पुढे जर्मनीसारख्या देशांनी चांदीचं नाणं सोडून सोन्याचं धरलं. अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी लागल्या. चांदी स्वस्त झाली आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. १८९३ पर्यंत तो १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास आला.

यात बिघडलं कुणाचं? तर इथल्या करदात्यांचं. इंग्रज सरकार दरवर्षी भारताच्या तिजोरीतून लंडनला पैसे पाठवी. निवृत्त साहेबांची पेन्शनं, कर्जाचं व्याज, असं बरंच काही. हे सगळं पौंडात. रुपया घसरला की तितक्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागत, आणि त्याचा भार शेवटी रयतेवरच पडे. म्हणून सरकारने १८९३ साली टांकसाळीत कुणालाही चांदी देऊन रुपये पाडून घेण्याची मुभा बंद केली आणि पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर बसवला. पौंडाला बरोबर १५ रुपये.

पहिल्या महायुद्धानंतर भाव पुन्हा डळमळला आणि १९२७ साली कायद्याने १ शिलिंग ६ पेन्स हा दर पक्का झाला. म्हणजे रुपया वधारला. मग सगळ्यांनी पेढे वाटले असतील? छे! मुंबईत तर मोठा वाद पेटला. उद्योगपती पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी सरकारी आयोगात बसून या दराला विरोध नोंदवला.

का बरं? समजा, वऱ्हाडातल्या कापसाच्या एका गाठीला इंग्लंडात १२ पौंड मिळाले. जुन्या दराने त्याचे १८० रुपये होत. नव्या दराने १६०च! कापूस तोच, घाम तोच, पण वीस रुपये गळाले. उलट परदेशी कापड मात्र स्वस्त झालं. म्हणजे रुपया वर गेला की सगळ्यांचं भलं, असं नसतं. विकणारा रडतो तेव्हा घेणारा हसतो.

याच प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये शिकताना प्रबंध लिहिला आणि १९२३ साली तो ग्रंथरूपाने आला. परदेशात रुपयाला काय मिळतं याच्याइतकंच, किंबहुना जास्त, देशात त्याला काय मिळतं हे महत्त्वाचं, यावर त्यांनी भर दिला होता.

दुसरा एक मराठी माणूसही या गोष्टीत आहे. महाडजवळच्या नात्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. जगातल्या चलनांचे दर कसे ठरवावेत, यासाठी १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्सला परिषद भरली, तेव्हा भारताच्या बाजूने तेही गेले होते.

पुढचे टप्पे थोडक्यात. जून १९६६ मध्ये डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांवर गेला. १९९१ साली तर परकीय चलनाची तिजोरी इतकी आटली, की देशाचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून परदेशी नेऊन गहाण ठेवावं लागलं. त्याच जुलैत दोन टप्प्यांत रुपयाची किंमत उतरवली आणि डॉलर २१ रुपयांवरून २६च्या घरात गेला. १९९३ पासून हा भाव बाजारात ठरू लागला, आणि २०२२ साली डॉलरने ८० रुपयांचा टप्पा ओलांडला.

तेव्हा बालमित्रांनो, विनिमयाचा दर म्हणजे देशाच्या प्रगतिपुस्तकातले गुण नव्हेत. तो नुसता भाव आहे. तो कुणाच्या ताटात काय वाढतो आणि कुणाच्या ताटातलं काय काढून घेतो, ते बघायचं.

आता तुमच्यासाठी गणित. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर उतरवला गेला. रुपया-पौंडाचा दर तोच राहिला. मग डॉलर किती रुपयांचा झाला? आई-बाबांना सोडवायला सांगा, आणि काकांनाही!

(उत्तर : सुमारे ४ रुपये ७६ पैसे.)