पेन्शनच्या फायलीतला सैनिक

आपला खापरपणजोबा १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात लढला होता, असे घरात ऐकत आलेला माणूस शोधाला लागला की आधी त्याचे नाव हुडकतो. ते सापडणे आता अवघड नाही. तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याने दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या सुमारे ६३ लाख नावनोंदी संगणकावर आणल्या आहेत. नावावरून पलटण कळते आणि पलटणीवरून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली सेवानोंद मिळते. भरतीची तारीख, वय, उंची, डोळ्यांचा रंग आणि हजेरीपटावरचे हजर, गैरहजर, इस्पितळात असे शेरे त्यात असतात. बहुतेकांचा शोध इथेच थांबतो. उरलेली जागा मग पलटणीच्या इतिहासाने भरली जाते. पलटण गेटिसबर्गच्या लढाईत होती, तेव्हा खापरपणजोबाही तिथे लढलेच असणार! प्रत्यक्षात ते त्या आठवड्यात हगवणीने अंथरुणाला खिळलेले असू शकतात. या युद्धात उत्तरेचे जे सैनिक मेले, त्यांतले सुमारे दोन तृतीयांश रोगराईने गेले. सेवानोंद सैनिक दाखवते. माणूस पाहायचा तर पेन्शनची फाइल काढावी लागते, आणि तिच्यात माणूस सापडतो याचे श्रेय मी सरकारच्या संशयी स्वभावाला देतो.

१८६२ च्या कायद्याने पेन्शन मिळे ती युद्धातल्या जखमेबद्दल किंवा आजाराबद्दल, आणि सैनिक मेला असेल तर त्याच्या विधवेला, मुलांना, आश्रित आईला. १८९० मध्ये अटी सैल झाल्या. ९० दिवसांची सेवा आणि सन्मानाने झालेली मुक्तता असेल, तर अपंगत्व युद्धातलेच असण्याची गरज उरली नाही. खर्च इतका फुगला की त्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या खर्चातला सुमारे ४० टक्के भाग पेन्शनवर जात होता. अशा वेळी खाते प्रत्येक अर्जदाराकडे तिरक्या नजरेने बघणार, हे ओघाने आलेच. लग्न कधी झाले, कोणी लावले, मुले किती, जन्माच्या वेळी सुईण कोण होती, सगळ्याला पुरावा हवा. कागद नसेल तर शेजारी आणि जुने सोबती साक्षीला येत. दावा गुंतागुंतीचा असला तर विशेष तपासनीस गावी जाऊन जबान्या घेई.

ज्यांच्याकडे कागद मुळातच नव्हता, त्यांच्या फायलींत म्हणूनच बोलणे जास्त. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते आणि त्यांतले बरेचसे गुलामीतून आलेले. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली, वय, लिंग आणि वर्ण एवढीच आहे. गुलामीतून सुटलेल्या बहुतेकांची नावे जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० साली. गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. त्यामुळे विधवेला लग्न सिद्ध करायचे तर मळ्यावरचे आयुष्यच सांगावे लागे. मालक कोण, कोणाला कुठे विकले, नवरा कोणत्या मळ्यावरून भेटायला येई, हे सारे त्या ओघात कागदावर आले.

हॅरिएट टबमन यांचे प्रकरण पाहावे. शेकडो मैल जोखीम पत्करून गुलामांना सोडवणारी आणि युद्धात उत्तरेसाठी हेरगिरी व शुश्रूषा करणारी ही बाई साऱ्या देशाला माहीत होती. पण त्यांचे दुसरे पती नेल्सन डेव्हिस ८ व्या कृष्णवर्णीय पलटणीत भरती झाले होते ते नेल्सन चार्ल्स या नावाने. चार्ल्स हे मालकाचे आडनाव. १८८८ मध्ये ते वारल्यावर हे दोघे एकच, हे टबमन यांना साक्षींनी सिद्ध करावे लागले. १८९५ मध्ये महिना ८ डॉलर मंजूर झाले. १८९९ मध्ये त्यांच्या स्वतःच्या शुश्रूषेच्या कामाची दखल घेऊन काँग्रेसने ते २० केले. नुसते सैनिकाचे आडनाव धरून शोधणारा वंशज अशा ठिकाणी हमखास चुकतो.

पैशासाठी दिलेली जबानी खरी कशी मानायची, असे कोणी विचारेल. शंका रास्त आहे; लबाडीही पुष्कळ झाली. पण खोटे बोलायचे ते मुद्द्याच्या जागी, म्हणजे दुखापतीच्या कारणाबद्दल किंवा लग्नाच्या तारखेबद्दल. मळ्यावर लग्न कोणी लावले किंवा युद्धानंतर हा माणूस कोणत्या गावी मजुरीला गेला, यात साक्षीदाराचा स्वार्थ बहुधा नसतो. शिवाय चार जबान्या शेजारी ठेवल्या की विसंगती आपोआप उघडी पडते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: कृष्णवर्णीयांचे दावे गोऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात फेटाळले गेले. ते खरेच, आणि तो अन्यायच होता. मात्र नामंजूर अर्जांच्या फायलीही जपलेल्या आहेत, आणि सरकारला पटवण्यासाठी पुन्हापुन्हा पुरावे जोडावे लागल्याने त्या पुष्कळदा जाडजूड निघतात.

दक्षिणेकडून लढलेल्यांच्या बाबतीत मात्र माझे म्हणणे लंगडे पडते. त्यांना केंद्राची पेन्शन नव्हती. दक्षिणेतल्या राज्यांनी ती पुढे आपापल्या तिजोरीतून दिली. त्यामुळे अर्ज शोधायचे ते त्या-त्या राज्याच्या अभिलेखागारात, आणि तेही म्हातारपणी सैनिक ज्या राज्यात राहत होता तिथे. आणि ज्याने अर्जच केला नाही किंवा जो अविवाहित मेला, त्याच्यासाठी त्याच्या कंपनीतल्या सोबत्यांच्या फायली चाळाव्यात. तिथे तो दुसऱ्या कोणाच्या तरी दाव्यात साक्षीदार म्हणून सापडू शकतो.