बांधावरचे गाजरगवत कोणाचे?



लागण स्वच्छ राहावी म्हणून आपण दोन-दोन, तीन-तीन खुरपण्या करतो. पण त्याच शेताच्या बांधाला, चारीच्या काठाला आणि गाडीवाटेला कमरेएवढे गाजरगवत पांढरेशुभ्र फुललेले असते. तिकडे कोणी बघत नाही. बांध दोघांचा, चारी पाटबंधारे खात्याची, रस्ता सगळ्यांचा. म्हणजे गवत कोणाचेच नाही! बी मात्र आपल्याच सरीत येते.

कोणी याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. मूळ अमेरिका खंडातले. आपल्याकडे १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरले. अमेरिकेच्या पी. एल. ४८० गव्हाबरोबर ते आले असे सर्रास सांगतात. पण तो करार झाला १९५६ साली, म्हणजे नोंदीनंतर. परदेशी गहू त्याआधीही येत होता, एवढेच म्हणता येईल. कसेही आले असो, आता ते आपल्या बांधावर आहे.

एका जोमदार झाडाला दहा हजारांहून जास्त बी धरते. बी बारीक आणि हलके. वाऱ्याने जाते, ट्रॅक्टरच्या चाकाला चिखलातून जाते, कच्च्या शेणखतातून जाते, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पाटाच्या पाण्याने जाते. वरच्याने काठ साफ केला नाही तर टेलच्या माणसाने कितीही खुरपले तरी पाण्याच्या प्रत्येक पाळीला नवे बी दारात हजर! म्हणून काढणी नेहमी चारीच्या मुखाकडून खाली करत यावी, आणि एका चारीवरच्या सर्वांनी एकाच आठवड्यात करावी. एकट्याने केलेली मेहनत इथे निम्मी वाया जाते.

काढायचे कधी? फुलण्याआधी. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात हे फुलावर येते. पाऊस पडून गेल्यावर वाफशावर मुळासकट सहज उपटते. वरून विळ्याने कापले तर बुडातून पुन्हा फुटते. फुलण्याआधी उपटलेले गवत खड्ड्यात कुजवून चांगले खत होते. फुललेले मात्र खड्ड्यात टाकू नये, नाहीतर खताबरोबर बी आपणच शेतभर पसरू.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट लिहितो. या गवताच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, मानेची आणि पापण्यांची कातडी जाड होते. एकदा अंगाला बाधले की पुढे नुसत्या वाऱ्यानेही त्रास होतो. परागकणांनी काहींना सर्दी आणि दमाही होतो. आणि उघड्या हातांनी हे उपटतात कोण? बहुतेक आपल्या घरच्या बाया आणि मजूर स्त्रिया. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा देणे हे शेतमालकाचे काम आहे. मोजे नसतील तर निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात. आधीच चट्टे उठलेल्या बाईला या कामाला लावूच नये.

औषधांचे म्हणाल तर लागणीनंतर तीन-चार दिवसांत, ओल असताना, तण उगवण्यापूर्वी अॅट्राझीन फवारता येते. पण सोयाबीन किंवा हरभऱ्याचे आंतरपीक असेल तर नाही. टू-फोर-डी शेजारी द्राक्ष, टोमॅटो किंवा कपाशी असताना वापरू नये. उडालेल्या थेंबानेही ती पिके वाकडी होतात आणि भांडण कायमचे लागते. मात्रा डब्यावरची पाहून घ्यावी. मिठाचे दाट पाणी फवारले की हे गवत वाळते हे खरे, पण ते माळावर किंवा रस्त्याकडेला ठीक. आपल्या भागात क्षारपड काय कमी आहे, की बांधावर आणखी मीठ ओतायचे?

खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरले तर खालचे बी सहसा वर येत नाही. बांधावर पावसाच्या तोंडाशी टाकळ्याचे बी फोकावे. टाकळा दाट वाढून गाजरगवताला दाबतो, शिवाय कोवळ्या पानांची भाजी होते.

मेक्सिकन भुंग्याबद्दल बरेच सभासद विचारतात. पांढुरक्या पिवळसर पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा किडा मेक्सिकोतून आणून १९८४ साली बंगळूरला प्रथम सोडला गेला. तो आणि त्याच्या अळ्या गाजरगवताचा पाला आणि शेंडे खातात. मात्र तो पावसाळ्यात काम करतो आणि थंडीत जमिनीत झोपून राहतो. आपल्याकडे पाटाच्या ओलीवर हे गवत बारा महिने उगवते. तेव्हा दिवाळीनंतर भुंग्यावर भिस्त ठेवून चालणार नाही, हातच चालवावे लागतील.

जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांच्या बांधावर हे भुंगे भरपूर दिसतील त्यांनी तिथे कीटकनाशक मारू नये. सकाळी पाल्यासकट भोके पाडलेल्या डब्यात धरून, नसतील तिथल्या हिरव्या गवतावर शंभर-दोनशे एका जागी सोडावेत, आणि ती जागा त्या पावसाळ्यात उपटू नये.