ई-मेल खाती वाटण्यापूर्वी...

एखाद्या शाळेचा माजी विद्यार्थी संघ, एखादे ग्रंथालय किंवा नाट्यमंडळ स्वतःचे संकेतस्थळ सुरू करते, तेव्हा थोड्याच दिवसांत एक मागणी हमखास पुढे येते. संस्थेच्या नावाचा ई-मेल पत्ता आपल्यालाही मिळावा, अशी सभासदांची इच्छा असते. पहिली दहा-वीस खाती संकेतस्थळ सांभाळणारा कार्यकर्ता हौसेने उघडून देतो. मागण्या शंभरावर गेल्या की त्याची दमछाक होऊ लागते. मग सभासदाने स्वतःच अर्ज भरावा आणि खाते आपोआप उघडावे, अशी व्यवस्था करण्याचा विचार सुरू होतो. हा विचार वावगा नाही. परंतु संस्थेचे संकेतस्थळ 'शेअर्ड होस्टिंग'वर असेल, तर या सोयीची किंमत आधीच समजून घेतलेली बरी.

चाळीतले बिऱ्हाड

शेअर्ड होस्टिंग म्हणजे एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळांनी थाटलेला संसार. चाळीत जसा जिना आणि पाण्याची टाकी सामाईक, तसा येथे सर्व्हरचा आयपी पत्ता सामाईक असतो. भाडे कमी पडते ते यामुळेच. ई-मेल पाठवताना मात्र हा सामाईकपणा अंगाशी येऊ शकतो. पत्र स्वीकारणारा सर्व्हर पाठवणाऱ्याच्या नावाबरोबरच तो कोणत्या आयपी पत्त्यावरून बोलतो आहे, हेही तपासतो. त्या पत्त्यावरून फसव्या जाहिरातींचा मारा झाला, तर १९९८ पासून कार्यरत असलेल्या 'स्पॅमहॉस'सारख्या संस्थांच्या काळ्या यादीत त्याची नोंद होऊ शकते. मग त्या सर्व्हरवरील निरपराध शेजाऱ्यांची पत्रेही परत येऊ लागतात. अशा वेळी होस्टिंग कंपनी दोषी खात्यापुरते न थांबता बहुधा संपूर्ण संकेतस्थळच बंद ठेवते.

खुल्या नोंदणीवर सर्वांत आधी नजर पडते ती सभासदांची नव्हे, तर असे मारे करणाऱ्यांच्या स्वयंचलित प्रोग्रामची. हॉटमेलने १९९६ मध्ये कोणालाही फुकट खाते देण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा तिच्यामागे स्वतःचे सर्व्हर आणि ते सांभाळणारी माणसे होती. गूगलनेही १ एप्रिल २००४ रोजी जीमेल सुरू केल्यावर फेब्रुवारी २००७ पर्यंत खाती प्रामुख्याने निमंत्रणावरच दिली. लहान संस्थेने पहिल्याच दिवशी दार सताड उघडावे, असे यात काहीच नाही.

किल्ली कोठे ठेवणार?

तांत्रिकदृष्ट्या ही व्यवस्था अवघड नाही. सीपॅनेलसारख्या कंट्रोल पॅनेलमध्ये मालक जे हाताने करतो, तेच काम एक छोटा प्रोग्राम करतो. अर्जातील नाव आणि पासवर्ड घेऊन तो पॅनेलला नवे खाते उघडण्याची आज्ञा देतो. त्यासाठी त्याच्याकडे पॅनेलची किल्ली असावी लागते आणि खरा धोका येथेच आहे. पॅनेलचा मुख्य पासवर्ड त्याच फाइलमध्ये लिहून ठेवला, तर ती फाइल हाती लागलेल्याला संपूर्ण संकेतस्थळ आंदण मिळते. त्याऐवजी स्वतंत्र 'एपीआय टोकन' वापरता येते. संशय आल्यास तेवढेच रद्द करता येते. तेही संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवावे. याहून सुरक्षित मार्ग म्हणजे अर्जाने केवळ विनंती नोंदवावी आणि खाते उघडण्याचे काम, विनंती मंजूर झाल्यावर, वेगळ्या प्रोग्रामने करावे.

राखीव नावांचा धडा

कोणते नाव द्यायचे नाही, हेही आधी ठरवावे लागते. 'पोस्टमास्टर', 'अब्यूज', 'होस्टमास्टर', 'वेबमास्टर' ही नावे डोमेन चालवणाऱ्यांसाठी असल्याचा संकेत १९९७ च्या एका इंटरनेट मानकात नोंदलेला आहे. तो न पाळल्यास काय होते, हे २०१५ मध्ये दिसले. मायक्रोसॉफ्टच्या फिनलंडमधील 'लाइव्ह डॉट एफआय' या डोमेनवर एका सामान्य वापरकर्त्याला 'होस्टमास्टर' हे नाव मिळाले. त्या पत्त्याच्या आधारे त्याने त्या डोमेनचे सुरक्षा प्रमाणपत्र मिळवले. हे प्रमाणपत्र हाती असणारा स्वतःला खरे संकेतस्थळ म्हणून भासवू शकतो. मायक्रोसॉफ्टला जाहीर इशारा देऊन ते प्रमाणपत्र अविश्वसनीय ठरवावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीची नजर चुकते, तेथे अर्धवेळ कार्यकर्त्याची चुकणारच. म्हणून ही नावे, तसेच 'अध्यक्ष', 'सचिव', 'खजिनदार' यांसारखी पदनामे प्रोग्राममध्येच अडवून ठेवणे श्रेयस्कर.

जागेचा हिशोबही करावा. ४०० सभासदांना प्रत्येकी २५० एमबी दिल्यास १०० जीबी जागा लागते. खात्यात पत्रे न साठवता ती सभासदाच्या नेहमीच्या पत्त्यावर पुढे धाडली, तर जागा वाचते. मात्र पुढे धाडलेले पत्र मूळ सर्व्हरवरून येत नसल्याने 'एसपीएफ' या तपासणीत अडकू शकते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांची ओळख तपासण्याचे नियम कडक केले आहेत. त्यामुळे डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्ही नोंदी नीट असणे अगत्याचे झाले आहे.

पत्ता दिला, पुढे काय?

या साऱ्यापेक्षा गंभीर प्रश्न सभासदाच्या विश्वासाचा आहे. मिळालेला पत्ता तो बँकेत देतो, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात लिहितो, नोकरीच्या अर्जावर छापतो. काही वर्षांनी संस्थेतील उत्साह ओसरतो, डोमेनचे शुल्क भरायचे राहते आणि ठरावीक मुदतीनंतर ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो. नव्या मालकाला त्या पत्त्यांवर येणारी सारी पत्रे मिळतात. त्यांत पासवर्ड बदलण्यासाठी बँकांनी पाठवलेल्या दुव्यांचाही समावेश असू शकतो. म्हणून डोमेनची नोंदणी कार्यकर्त्याच्या नव्हे, तर संस्थेच्या नावावर असावी आणि ती काही वर्षांसाठी एकदम करावी. 'डॉट कॉम' वा 'डॉट ऑर्ग' नावांसाठी एका वेळी कमाल १० वर्षांची नोंदणी करता येते. सेवा बंद करायची झाल्यास सभासदांना पुरेशी पूर्वसूचना देणे, हेही कर्तव्यच.

तात्पर्य, अर्ज स्वयंचलित ठेवावा, मंजुरी मात्र माणसाच्या हाती असावी. अर्जदाराने सध्याच्या पत्त्यावर आलेल्या दुव्यावरून आपली खातरजमा करून द्यावी, त्याचे नाव सभासदांच्या यादीशी ताडून पाहावे आणि मगच खाते उघडावे. दर तासाला किती पत्रे पाठवता येतील, यालाही मर्यादा घालावी. यामुळे खाते मिळण्यास एखादा दिवस अधिक लागेल. शाळेच्या नावाचा पत्ता आयुष्यभर मिरवू इच्छिणाऱ्याला तेवढा विलंब जड जाणार नाही.